काचवाल्याचं मत

हिरो काचेतून येतो.
शेजारी दार उघडं असतं, तरी काचेतूनच.
बिल्डिंग पाहता ती दहा एमएमची टफन असणार.
टफन फुटली की तिचा साबुदाणा होतो,
असे सुऱ्यासारखे तुकडे पडत नाहीत.
हे मी हिलालला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं.
हिलाल म्हणाला, गप बस ना भो, पैसा देल शेतस.

अमळनेरला, बोरीच्या अलीकडे माझं दुकान.
काच, आरसे, फोटोफ्रेम.
एकतीस वर्षं हिरकणीने रेघ मारतोय,
त्यामुळे मारामारी सुरू झाली की मला कोटेशन दिसतं.
मॉलमधला तो सीन: सव्वाचारशे चौरस फूट,
फिटिंग वेगळं.
पुढच्या सीनला मॉल पुन्हा चकाचक.
रात्रीतून कोण बसवून देतो यांना?
आमच्याकडे धुळ्याहून माल यायलाच चार दिवस.

तसा मी सिनेमाच्या विरोधात नाही.
मे महिन्यात शटरला हात लावला तर फोड येतो,
तेव्हा मॅटिनीला कूलरजवळची खुर्ची
आणि पडद्यावर बर्फात घसरणाऱ्या मोटारी,
याहून जास्त मी सिनेमाकडे काय मागू?
पाच हजार गोळ्या सुटाव्यात
आणि हिरोच्या दंडाला एक ओरखडा, चालतं मला.
शेवभाजीत तर्री कोणी मोजून घालतं का?
मागच्या रांगेतली पोरं ओरडतात, मांगे दख रे भो!
आणि तो खरंच मागे बघतो, तेव्हा मीही शिटी मारतो.

पण ते बॉम्बवरचं घड्याळ.
शेवटच्या सेकंदालाच का थांबतं दरवेळी?
एकदा अकरा सेकंद बाकी असताना थांबू द्या,
आणि त्या अकरा सेकंदांत
घामाने भिजलेली ती दोन माणसं काय बोलतात, ते दाखवा.

खुनाच्या सिनेमाला मात्र कोकिळा लागते सोबत.
शेंगा सोलत बघते, इंटरव्हलच्या आधी नाव सांगते.
सगळ्यांना चहा विचारत फिरतो, तो खुनी.
आजवर दोनदा चुकली.
दोन्ही वेळा म्हणाली, सिनेमावाल्यांनी चुकीचा धरला.

मागच्या साली बसस्टँडसमोर
मोबाईलच्या दुकानात दोन पोरांची जुंपली.
कारण विचारू नका. चार्जर.
दीड मिनिट चाललं असेल,
त्यात एक ठोसा धड बसला नाही.
एकाने शर्ट धरलेला, दुसऱ्याने कान,
दोघं धापा टाकत गोल गोल फिरत होते,
लग्नात दमलेल्या नाचणाऱ्यांसारखे.
मग एकाचं कोपर शोकेसमध्ये गेलं.
चार एमएम, साधी. मीच बसवलेली.
आवाज सिनेमातल्यासारखा नव्हता.
लहानसा. मोरीत वाटी पडावी तेवढा.
पोरगा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला,
कुणीतरी धरायला दिलेला असल्यासारखा.
मी खांद्यावरचा गमछा काढून करकचून बांधला.
तो म्हणाला, काका, काच कितीची?

तेव्हापासून हाणामारी लागली
की मी चेहरे बघत नाही, कोपरं बघतो.

अलीकडे एक पाहिला, नाव लक्षात नाही.
व्हिलनचा सगळा दिवाणखाना फुटलेला,
हिरो पोरीला घेऊन निघून गेलेला,
आणि कॅमेरा बहुतेक हलायचा विसरला.
कोपऱ्यातून एक म्हातारा नोकर आला,
धोतर सावरून उकिडवा बसला
आणि झाडायला लागला.
दोन सेकंद. की तीन.
हिलाल मोबाईलमध्ये होता. शिटी कुणीच मारली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकान जिभाऊवर टाकलं
आणि परत तिकीट काढलं.
कोकिळेला सांगितलं, पार्टीकडे माप घ्यायला चाललो.

झाडू त्याने नीट धरला होता.
पण बारीक काच झाडूने निघत नाही,
ओल्या कागदाने टिपावी लागते.
तेवढं सोडलं तर सिनेमा बरा होता.